विश्लेषण : काळे दिसले म्हणजे कठीण झाले का? हार्ड अ‍ॅनोडायझिंगचा दर, दर्जा आणि वालधुनी

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यातल्या मशीन शॉपमध्ये अ‍ॅल्युमिनियमच्या सुट्या भागांच्या ड्रॉइंगवर एक शेरा नेहमी दिसतो, 'ब्लॅक हार्ड अ‍ॅनोडायझिंग'. न्यूमॅटिक सिलिंडरचा पिस्टन असो, पॅकिंग मशीनचा गाइड असो, पुली असो की फिक्स्चरची प्लेट, शेरा तोच. थर किती मायक्रॉनचा, मिश्रधातू कोणता, कोणते छिद्र झाकायचे, सीलिंग करायचे की नाही, यातले काहीच त्यावर नसते. मग जॉबवर्कवाल्याला फोन जातो आणि एकच प्रश्न विचारला जातो, किलोला किती किंवा नगाला किती?

हा अर्धवट शेरा आणि त्यावरून ठरणारा पडका दर, या दोन्हींचे परिणाम मोठे आहेत. माल नाकारला जातो, छोट्या युनिटचे पैसे अडकतात, आणि वाचवलेल्या खर्चाचा एक भाग शेवटी गटारातून वालधुनीत जातो. त्यामुळे याची जबाबदारी फक्त टाकी चालवणाऱ्यावर ढकलून चालणार नाही. ड्रॉइंगवर शेरा लिहिणारा आणि दर ठरवणारा खरेदीदारही तितकाच जबाबदार आहे. हे का, ते समजण्यासाठी आधी टाकीत काय घडते ते पाहू.

अ‍ॅनोडायझिंग म्हणजे नेमके काय?

अ‍ॅल्युमिनियम हवेत उघडे ठेवले की त्यावर आपोआप ऑक्साइडचा थर बसतो. हा थर मायक्रॉनच्या हजारांश भागात मोजावा लागतो, इतका पातळ असतो. गंजापासून तो थोडेफार वाचवतो, पण घर्षणापुढे टिकत नाही. अ‍ॅनोडायझिंगमध्ये हाच थर विजेच्या साहाय्याने जाड केला जातो. भाग आम्लाच्या टाकीत टांगून त्याला रेक्टिफायरचे धन टोक जोडतात. वीज वाहू लागली की पृष्ठभागावरच्या अ‍ॅल्युमिनियमचेच ऑक्साइड बनत जाते.

क्रोम किंवा निकेल प्लेटिंगमध्ये बाहेरचा धातू आणून वर चढवला जातो. इथे बाहेरून काहीच चढत नाही, भागाचे स्वतःचे अंग बदलते. म्हणून हा थर रंगासारखा सोलून निघत नाही. १९२३मध्ये ब्रिटनमध्ये समुद्री विमानांच्या ड्युरॅल्युमिन भागांना खाऱ्या पाण्यापासून वाचवण्यासाठी ही पद्धत औद्योगिक वापरात आली. त्या वेळी क्रोमिक आम्ल वापरले जात होते. १९२७मध्ये सल्फ्युरिक आम्लाच्या पद्धतीचे पेटंट झाले आणि आज बहुतेक काम त्याच आम्लात होते.

'हार्ड' कशामुळे होते?

साध्या अ‍ॅनोडायझिंगमध्ये टाकीचे तापमान साधारण २० अंश सेल्सिअस, व्होल्टेज १२ ते १८ आणि थर ५ ते २५ मायक्रॉन असतो. खिडकीच्या फ्रेमला आणि नावाच्या पाटीला एवढे पुरते.

हार्ड अ‍ॅनोडायझिंगमध्ये तापमान ० ते ५ अंशांवर ठेवावे लागते. करंट दुप्पट किंवा त्याहून जास्त द्यावा लागतो. थर वाढेल तसा विजेला अडथळा वाढतो, म्हणून व्होल्टेज २५च्या आसपास सुरू करून ६० किंवा त्याच्याही पुढे चढवत न्यावे लागते. थर २५ ते १०० मायक्रॉनपर्यंत जातो. यंत्रांच्या भागांसाठी ५० मायक्रॉन ही नेहमीची मागणी आहे.

इतकी थंडी कशासाठी? आम्ल दोन कामे एकाच वेळी करत असते. विजेच्या जोरावर थर वाढतो आणि त्याच वेळी आम्ल तो विरघळवतही असते. टाकी गरम झाली की विरघळणे वाढते आणि थर भुसभुशीत होतो, बोट फिरवले तर पांढरी पूड लागते. टाकी थंड राहिली तर थर घट्ट बसतो. चांगल्या थराची कठीणता व्हिकर्स मापात ३५० ते ५०० भरते. ज्या ६०६१-टी६ मिश्रधातूवर तो बसतो त्याची स्वतःची कठीणता जेमतेम ११०च्या आसपास असते. हलक्या अ‍ॅल्युमिनियमवर पोलादासारखी घासण सोसणारी कातडी मिळते, हाच या प्रक्रियेचा खरा फायदा.

मग काळा रंग कुठून येतो?

सर्वात मोठा गैरसमज इथे आहे. कठीणपणा आणि काळेपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हार्ड थराचा मूळ रंग मिश्रधातू आणि जाडीप्रमाणे करडा, गडद करडा किंवा तपकिरी येतो. पक्का काळा रंग हवा असेल तर नंतर भाग रंगाच्या टाकीत बुडवतात. थरात असलेल्या सूक्ष्म छिद्रांत रंग शिरतो आणि सीलिंग करून ती छिद्रे बंद केली जातात.

असाच काळा रंग १० ते १५ मायक्रॉनच्या साध्या थरावरही झकास बसतो. दोन भाग शेजारी ठेवले तर कोणता ५० मायक्रॉनचा आणि कोणता १२ मायक्रॉनचा, हे डोळ्यांना कळत नाही. मल्टिमीटर लावला तर दोन्ही वीज अडवतात. फरक कळतो तो एडी करंट गेजने, म्हणजे थराची जाडी मोजणाऱ्या छोट्या उपकरणाने, नाहीतर सहा महिन्यांनी पिस्टन घासल्यावर.

दुसरी अडचण सीलिंगची. काळा रंग टिकवायचा तर सीलिंग करावेच लागते. पण सीलिंगमुळे थराची घासण सोसण्याची ताकद काही प्रमाणात कमी होते. म्हणून फक्त घर्षणासाठीचा भाग असेल तर तो बहुधा सील न करता ठेवतात. म्हणजे 'काळा' आणि 'सर्वात टिकाऊ' या दोन मागण्या काही अंशी एकमेकींच्या विरोधात जातात. यातली कोणती महत्त्वाची हे खरेदीदाराने ठरवायचे असते. शेऱ्यातल्या तीन शब्दांत तो निर्णय कुठेच नसतो.

हीटसिंकचे उदाहरण घ्या. काळा रंग उष्णता बाहेर टाकतो म्हणून हीटसिंक काळाच हवा, असा आग्रह असतो. उघड्या अ‍ॅल्युमिनियमच्या तुलनेत अ‍ॅनोडाइज केलेला पृष्ठभाग कितीतरी जास्त उष्णता उत्सर्जित करतो, हे खरे. पण नेहमीच्या तापमानाला हे काम ऑक्साइडचा थर करतो, रंग नव्हे. बिनरंगी थरही जवळपास तितकेच काम करतो. तिथे काळ्या रंगासाठी रंगाची टाकी, वरचे धुणे आणि त्याचे सांडपाणी असा खर्च विनाकारण होतो.

माप का चुकते?

थर भागाच्या अंगातूनच तयार होतो, त्यामुळे त्याचा साधारण अर्धा भाग आत जातो आणि अर्धा बाहेर वाढतो. ५० मायक्रॉनचा थर असेल तर प्रत्येक पृष्ठभाग सुमारे २५ मायक्रॉनने बाहेर येतो. शाफ्टचा व्यास ५० मायक्रॉनने वाढतो, छिद्राचा तेवढाच कमी होतो.

२० मिमीचे बेअरिंगचे छिद्र घ्या. एच-७ मापात त्याला ० ते २१ मायक्रॉनची सूट असते. मशीन शॉपने ते २०.०१० मिमी, म्हणजे अगदी अचूक बनवले. हार्ड अ‍ॅनोडायझिंग करून आले की माप १९.९६० मिमी भरते आणि बेअरिंग बसत नाही. मग 'थर काढून पुन्हा करा' असे सांगितले जाते. थर काढला की त्यात रूपांतर झालेले अ‍ॅल्युमिनियमही जाते आणि छिद्र २०.०६० मिमी होते. आता बेअरिंग सैल. मशीनिंगही बरोबर होते, अ‍ॅनोडायझिंगही बरोबर होते, तरी भाग भंगारात गेला. कारण थर धरून माप ठेवा किंवा हे छिद्र झाका, हे ड्रॉइंगवर कुणी लिहिलेच नव्हते.

आट्यांचे तर चौपट होते. ६० अंशांच्या आट्यांवर पिच व्यास बाहेरच्या वाढीच्या सुमारे चार पटीने बदलतो. २५ मायक्रॉनची वाढ म्हणजे १०० मायक्रॉनचा फरक. एम-६चा स्क्रू मग पान्याने घुसवला जातो आणि आटे तुटतात.

धारदार कडांवरही हाच घोळ होतो. थर पृष्ठभागाला काटकोनात वाढतो, त्यामुळे टोकदार कडेवर त्याला भेग पडते. ५० मायक्रॉनच्या थरासाठी कडेला साधारण दीड मिमीची गोलाई ठेवावी, असा संकेत आहे. शिवाय जिथे जिग भागाला पकडते तिथे थर बसत नाही. ती जागा कोणती असावी, हेही डिझाइन करणाऱ्यानेच सांगायला हवे. सतत हेलकाव्याचा भार घेणाऱ्या भागांत कठीण थरामुळे थकवा सोसण्याची ताकद कमी होते, हेही त्याला ठाऊक असायला हवे.

सगळे अ‍ॅल्युमिनियम सारखे का नसते?

'अ‍ॅल्युमिनियमचा तुकडा' ही माहिती पुरेशी नसते. ६०६१, ६०६३, ६०८२ हे मिश्रधातू या कामाला चांगले साथ देतात. २०२४मध्ये ४ टक्क्यांच्या आसपास तांबे असते. त्यावर थर तुलनेने मऊ बसतो आणि करंट थोडा जास्त झाला तरी भाग टाकीत जळतो. डायकास्ट भागांत सिलिकॉन १० ते १३ टक्के असू शकते. सिलिकॉनचे कण अ‍ॅनोडाइज होत नाहीत, म्हणून थर ठिगळासारखा आणि रंग मळकट येतो.

एकाच चलनावर बार, प्लेट आणि डायकास्ट असा मिसळीचा माल पाठवला, एकाच जिगवर टांगला आणि एकाच रंगाची अपेक्षा ठेवली, की वाद ठरलेला. भंगारातून पुन्हा ओतलेल्या मालात कोणता धातू किती आहे, हे तर पाठवणाऱ्यालाही माहीत नसते.

खर्च कुठे वाचवला जातो?

थोडे गणित करू. एक चौरस मीटर पृष्ठभागावर ५० मायक्रॉनचा हार्ड थर चढवायला ३०० अँपिअर, सरासरी ४० व्होल्ट आणि सुमारे ५० ते ५५ मिनिटे धरली, तर १० ते ११ युनिट वीज लागते. तेवढ्याच पृष्ठभागावर १५ मायक्रॉनचा साधा थर १५० अँपिअर, १५ व्होल्ट आणि अर्ध्या तासात होतो. त्याला लागते सव्वा युनिटच्या आत. म्हणजे जवळपास दहापट फरक, तोही चिलरची वीज न धरता. टाकीत गेलेली बहुतेक वीज उष्णता बनते आणि ती सगळी चिलरने बाहेर काढायची असते. मे महिन्यात अंबरनाथच्या पत्र्याच्या शेडखाली टाकी ० अंशावर ठेवणे सोपे काम नाही.

एकदा दर पडला की बचत तीन ठिकाणी होते. पहिली, वेळेत. ५० मिनिटांऐवजी २० मिनिटांत भाग बाहेर काढला तरी काळा रंग तोच दिसतो. दुसरी, थंडीत. चिलर मर्यादित चालवला की टाकी १०-१२ अंशांवर जाते आणि थर भुसभुशीत होतो. तिसरी, पाण्यात. प्रत्येक टाकीनंतर नीट धुणे आणि ते पाणी शुद्ध करणे हा खर्च ग्राहकाला कधीच दिसत नाही, म्हणून तो सर्वात आधी कापला जातो.

पहिल्या दोन बचतींचा फटका ग्राहकाला बसतो. तिसरीचा फटका खालच्या अंगाला राहणाऱ्यांना.

वालधुनीशी संबंध काय?

हार्ड अ‍ॅनोडायझिंगची बाजू आधी मांडायला हवी. हार्ड क्रोम प्लेटिंगमध्ये कर्करोगकारक षटसंयुजी क्रोमियम वापरले जाते. सल्फ्युरिक आम्लातल्या अ‍ॅनोडायझिंगमध्ये ते नसते. योग्य तऱ्हेने केले तर ही तुलनेने सुसह्य प्रक्रिया आहे.

तरी तिच्या सांडपाण्यात आम्ल असते, कॉस्टिक असते, विरघळलेले अ‍ॅल्युमिनियम असते, काळा रंग असतो आणि निकेल अ‍ॅसिटेटने सीलिंग केले असेल तर निकेलही असते. पृष्ठभागावर जलवाहिन्यांत सोडायच्या पाण्यात निकेलची सर्वसाधारण मर्यादा लिटरला ३ मिलिग्रॅम आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१६च्या वर्गीकरणात अशा धातू प्रक्रिया लाल श्रेणीत आहेत आणि त्यांचा गाळ त्याच वर्षीच्या नियमांनुसार धोकादायक कचरा ठरतो. तो पोत्यात भरून कुठेही टाकायचा नसतो, तळोज्यासारख्या अधिकृत प्रकल्पाकडे नोंदीसह पाठवायचा असतो.

अंबरनाथ आणि बदलापूरच्या औद्योगिक वसाहतींसाठी सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्रे आहेत. पण अशा केंद्रातली जैविक प्रक्रिया निकेल नष्ट करू शकत नाही. ते गाळात उतरते किंवा पुढे वाहते. म्हणून त्याचा बंदोबस्त युनिटच्या दारातच व्हायला हवा. वसाहतीबाहेर, उल्हासनगरच्या दाट वस्तीतल्या गाळ्यात टाक्या मांडल्या असतील तर शेजारी असते ते पालिकेचे गटार, आणि ते जाते वालधुनीकडे.

ही नदी अंबरनाथजवळच्या डोंगरात उगम पावते, अकराव्या शतकातल्या शिलाहारकालीन शिवमंदिराला वळसा घालते आणि उल्हासनगरमधून कल्याणकडे जाते. नोव्हेंबर २०१४च्या अखेरीस टँकरमधून नदीत सोडलेल्या रसायनामुळे उल्हासनगरमधल्या शेकडो रहिवाशांना त्रास झाला, त्यांना रुग्णालयात न्यावे लागले. २०१५मध्ये 'वनशक्ती' संस्थेच्या अर्जावर राष्ट्रीय हरित लवादाने उल्हास आणि वालधुनीच्या प्रदूषणासाठी दंड ठोठावला. पुढे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. उल्हासनगरच्या जीन्स धुलाई कारखान्यांना याच प्रश्नावर टाळे लागले आणि हजारो कामगारांच्या पोटावर पाय आला.

या घटना अ‍ॅनोडायझिंगमुळे घडल्या असे कुणी म्हणू नये. पण जीन्सच्या धंद्याचा धडा स्पष्ट आहे. कमी दराच्या शर्यतीत सांडपाण्याचा खर्च बाहेर ढकलत राहिले, तर एक दिवस आदेश येतो आणि तो चांगले-वाईट असा भेद करत नाही. ज्याने प्रामाणिकपणे प्रक्रिया केंद्र बसवले त्याचाही धंदा त्यात जातो.

दर वाढवला तर काम बाहेर जाणार नाही का?

हा प्रश्न रास्त आहे. जॉबवर्कवाले सांगतात की नगामागे दोन रुपये जास्त मागितले तर माल वसईला, भोसरीला नाहीतर थेट राजकोटला जातो. छोट्या युनिटच्या हातात दर ठरवण्याची ताकद नसते. त्यातच बिलाचे पैसे तीन-तीन महिने येत नाहीत. २००६च्या सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योग कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघू उद्योगांना जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे मिळायला हवेत. प्रत्यक्षात तक्रार करणारा पुढचे काम गमावतो, म्हणून बहुतेक जण गप्प बसतात.

पण या युक्तिवादात एक गृहीत धरलेले असते, की दोन्हीकडे मिळणारी वस्तू एकच आहे. ५० मायक्रॉनचा थर आणि १५ मायक्रॉनचा थर यांचा दर एकाच रांगेत लावला तर १५वाला नेहमीच जिंकणार. मायक्रॉन लिहिले, मोजले आणि त्यावर पैसे दिले, तर तुलना खरी होते. मग अंबरनाथच्या युनिटला एक मोठा फायदा उरतो. मशीन शॉप त्याच्या दोन किलोमीटरच्या आत आहे. नमुना सकाळी देऊन संध्याकाळी मोजता येतो, छिद्राचे माप ठरवायला समोरासमोर बसता येते. आयुध निर्माणी आणि मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी यांच्या सावलीत वाढलेल्या या गावात अचूक काम करणाऱ्या हातांची परंपराही आहे. स्वस्ताईच्या स्पर्धेत हा फायदा मोजला जात नाही.

नाकारलेल्या मालाचा हिशेबही करावा. चार तास मशीनिंग केलेला भाग नगामागे दोन रुपये वाचवण्याच्या नादात भंगारात गेला, तर वाचले किती?

काय करायला हवे?

सुरुवात ड्रॉइंगपासून व्हावी. तीन शब्दांच्या जागी पाच गोष्टी लिहाव्यात. मिश्रधातू कोणता. थर किती मायक्रॉनचा, किती कमी-जास्त चालेल. दिलेले माप थराच्या आधीचे की नंतरचे. कोणती छिद्रे, आटे आणि पृष्ठभाग झाकायचे, जिग कुठे धरायची. रंग खरोखर हवा का, आणि सीलिंग करायचे का. हार्ड थरासाठी आयएसओ १००७४ हे मानक उपलब्ध आहे, त्याचा उल्लेख केला तर भांडणाला जागा कमी राहते. हे लिहायला दहा मिनिटे लागतात आणि खर्च शून्य.

दुसरे, माल स्वीकारताना जाडी मोजावी. एडी करंट गेज प्रत्येक मशीन शॉपकडे नसेल, पण लघुउद्योजकांच्या स्थानिक संघटनेकडे एखादे सामायिक गेज असायला काय हरकत आहे? मोजमाप सुरू झाले की २० मिनिटांत भाग बाहेर काढणे आपोआप बंद होते.

तिसरे, मोठ्या खरेदीदारांनी पुरवठादाराची तपासणी टाकीपर्यंत नेऊन थांबवू नये. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचे चालू संमतीपत्र आणि गाळ अधिकृत प्रकल्पाकडे गेल्याची पावती, ही दोन कागदपत्रे ऑर्डरसोबत मागावीत. ती असलेल्या युनिटला दर थोडा जास्त द्यावा आणि ४५ दिवसांत पैसे द्यावेत. परदेशी ग्राहकाला पर्यावरण धोरणाचा चकचकीत अहवाल पाठवायचा आणि भाग मात्र संमतीपत्र नसलेल्या गाळ्यातून करून घ्यायचे, हा दुटप्पीपणा आहे.

चौथे, शासनाने छोट्यांना फक्त नोटीस देऊ नये, पर्यायही द्यावा. केंद्राच्या सूक्ष्म व लघू उद्योग समूह विकास कार्यक्रमात सामायिक सुविधा केंद्राची तरतूद आहे. उल्हासनगरच्या वस्तीतल्या टाक्या वसाहतीत आणायच्या असतील तर धुण्याच्या पाण्याची, निकेल वेगळे काढण्याची आणि गाळ दाबून सुकवण्याची सोय एकत्र उभी करता येईल. उलट्या प्रवाहाने तीन टाक्यांत टप्प्याटप्प्याने धुतले तर पाणी कितीतरी कमी लागते. बारवी धरणाचे पाणी उद्योगांना आणि शहरांना वाटून पुरवावे लागते, तिथे ही बचत साधी नाही.

आणि शेवटी जॉबवर्क करणाऱ्यांनीही एक सवय लावून घ्यावी. चलनावर मायक्रॉन लिहिलेले नसतील तर फोन करून विचारावे, आणि आपण किती दिले ते बिलावर लिहावे. पाच युनिटनी हे सुरू केले की सहाव्यालाही ते करावे लागते. १२ मायक्रॉनचे काम ५० मायक्रॉनच्या नावाखाली खपवण्याची सोय त्या दिवसापासून कमी होईल, आणि ५० मायक्रॉनचे काम प्रामाणिकपणे करणाऱ्याला त्याचा दर मागता येईल.